महाविद्यालयीन अध्यापकांचे वेळापत्रक आणि बालसंगोपनाची व्यवस्था : दिंडोशी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

प्राध्यापकाची नोकरी ही मुलाबाळांच्या दृष्टीने सर्वांत सोयीची नोकरी होय, अशी आपल्या समाजात दृढ समजूत आहे. विवाह जमवताना ती बोलून दाखवली जाते आणि नातेवाईकांच्या बैठकीत तिचा पुनरुच्चार होतो. दोन-तीन तास शिकवायचे, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी घ्यायची, मग मुलांसाठी वेळच वेळ, असा हा हिशेब असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी मांडलेला हिशेब मात्र निराळा आहे. पूर्णवेळ अध्यापकाचा कार्यभार आठवड्याला किमान ४० तास, असे वर्षातील ३० आठवडे म्हणजे १८० अध्यापनदिवस. सहायक प्राध्यापकाने त्यांतील १६ तास प्रत्यक्ष अध्यापनाला द्यायचे आणि दररोज किमान ५ तास महाविद्यालयात उपलब्ध राहायचे. सहा दिवसांच्या आठवड्यात ४० तासांची वाटणी केली, तर दिवसाला पावणेसात तासांच्या जवळपास जाते. त्यात मुंबईचा प्रवास धरलेला नाही.

प्रस्तुत लेखात या वेळापत्रकाचा आणि लहान मुलाच्या दिवसाचा मेळ कसा घातला जातो, तो कोठे तुटतो आणि उपलब्ध नियम त्याला कितपत आधार देतात, याचा विचार केला आहे. विवेचनासाठी दिंडोशी हा मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील परिसर घेतला आहे. प्रस्तुत लेखक तेथील रहिवासी व एका पाच वर्षांच्या मुलाचा पिता असल्यामुळे काही निरीक्षणे प्रत्यक्ष अनुभवातून आली आहेत, हे आरंभीच नमूद करणे योग्य होईल.

वस्तीचे स्वरूप

गोरेगाव आणि मालाड या स्थानकांच्या पूर्वेस, द्रुतगती महामार्गाच्या पलीकडे, राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांच्या पायथ्याशी दिंडोशी वसले आहे. मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या नागरी निवारा परिषदेने येथे सुमारे सहा हजार घरे बांधली. कमाल जमीन धारणा कायद्याखालील जमीन सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळावी, हा त्या लढ्याचा गाभा होता. मृणालताईंना १९५८ साली वैधव्य आले तेव्हा त्यांची मुलगी लहान होती आणि १९६१ मध्ये त्या महानगरपालिकेत निवडून गेल्या. बालसंगोपन आणि सार्वजनिक काम यांची सांगड हा त्यांच्या चरित्राचा फारसा न चर्चिलेला भाग आहे. त्याचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा.

अशा वसाहतींमुळे गिरगाव, दादर, परळच्या चाळींतील कुटुंबांना स्वतःचे घर मिळाले. परंतु चाळीबरोबर तेथील गॅलरीही मागे राहिली. चाळीत मूल शेजारच्या बिऱ्हाडात वाढत असे आणि त्याची कोणी ‘व्यवस्था’ करत नसे. सदनिकेचे दार बंद झाले की ते काम कोणाचे, हा प्रश्न नव्याने उपस्थित झाला. आज येथील अनेक आजी-आजोबा गावी तरी असतात, नाहीतर विरार, बदलापूरकडे दुसऱ्या मुलाकडे.

वाहतुकीचाही येथे विचार करावा लागतो. दिंडोशीहून रेल्वे स्थानक गाठण्यासाठी बेस्टची बस अथवा सामायिक रिक्षा लागते आणि फिल्म सिटी रस्त्यावरील कोंडी कोणत्याही अंदाजाला दाद देत नाही. मेट्रो ७ चा पहिला टप्पा एप्रिल २०२२ मध्ये आणि गुंदवलीपर्यंतचा भाग जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यानंतर अंधेरीकडे जाणाऱ्यांचा प्रवास बराच निश्चित वेळेचा झाला. बालसंगोपनाच्या दृष्टीने ही निश्चितता वेगापेक्षा अधिक मोलाची आहे. पाळणाघरातील काकूंना ‘दीड वाजता येतो’ असे सांगता येणे आणि दीड वाजता पोहोचणे, यावर ते नाते टिकते. मालाड किंवा गोरेगाव पश्चिमेला शिकवणाऱ्यांना मेट्रो ७ चा फारसा उपयोग नाही. त्यांना महामार्ग आणि रेल्वे दोन्ही ओलांडावी लागतात.

दिवसाचे गणित

मुंबईतील पुष्कळ महाविद्यालयांत पारंपरिक पदवी वर्ग सकाळी सात वाजता सुरू होतात. एकच इमारत सकाळी एका विभागाला, दुपारी दुसऱ्याला आणि संध्याकाळी स्वयंअर्थसाहाय्यित अभ्यासक्रमांना वापरायची, अशी ही योजना जागेच्या टंचाईतून आली. सात वाजताच्या तासिकेसाठी दिंडोशीतून सव्वासहाला निघावे लागते. घरगुती पाळणाघर साधारणपणे आठ वाजता उघडते. म्हणजे दिवसाच्या आरंभीच पावणेदोन तासांचे खिंडार पडते.

पूर्वी या खिंडाराला एक उपाय होता. प्राथमिक शाळाही सकाळी सात-सव्वासातला भरत. मूल आणि पालक एकाच वेळी घराबाहेर पडत. राज्य शासनाने ८ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असे ठरवले. मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागील हेतू योग्यच आहे, त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण सकाळच्या सत्रात शिकवणाऱ्या अध्यापकाच्या घरात त्याचा परिणाम असा होतो, की पालक सव्वासहाला निघतो आणि मूल साडेआठला. मधले सव्वादोन तास कोणी सांभाळायचे, याचा विचार शासननिर्णयात असणे अपेक्षित नव्हते. तो महाविद्यालयांच्या वेळापत्रक समितीत तरी व्हायला हवा होता. शाळेची वेळ बदलली तेव्हा तासिकांची फेरआखणी केल्याचे उदाहरण निदान आमच्या परिचयातील महाविद्यालयांत नाही.

दुपारची बाजू याहून गुंतागुंतीची आहे. बालवाडीचा वर्ग तीन-साडेतीन तासांचा असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते सहा या वयोगटाच्या शिक्षणाला शालेय रचनेत स्थान दिले, परंतु शिक्षणाचे तास म्हणजे सांभाळाचे तास नव्हेत. साडेबाराला सुटलेले मूल शाळेच्या व्हॅनमधून कोणाच्या हाती उतरणार, हा रोजचा प्रश्न उरतोच.

नेहमीच्या दिवसाची घडी कशीबशी बसते. ती विस्कटते ती ठरल्याबाहेरच्या दिवसांत. परीक्षेचे पर्यवेक्षण दुपारच्या सत्रात लागते. उत्तरपत्रिकांच्या मूल्यमापनासाठी केंद्रावर बसावे लागते. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये ऑनस्क्रीन पद्धत आणली तेव्हा निकाल लांबले आणि अध्यापकांना संगणकासमोर दीर्घकाळ बसावे लागले. निवडणुकीचे काम येते. मुंबईत लोकसभेचे मतदान २० मे २०२४ रोजी, ऐन उन्हाळी सुट्टीत झाले. मतदान केंद्रावरील कर्मचाऱ्याला आदल्या दिवशी साहित्य घेऊन हजर व्हावे लागते आणि मतदानाच्या रात्री यंत्रे जमा करूनच घरी परतता येते. पाळणाघर त्या दिवशी सार्वजनिक सुट्टीमुळे बंद असते. ज्या सुट्टीच्या भरवशावर ही नोकरी ‘सोयीची’ म्हटली जाते, तिचे असे तुकडे पडतात. आणि मुंबईत २६ जुलै २००५ चा अनुभव कोणी विसरलेले नाही. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य पालक त्या रात्री घरी पोहोचू शकले नाहीत. त्यामुळे जवळपासची एक पर्यायी व्यक्ती ठरवून ठेवणे, हा येथे अतिसावधपणा मानता येत नाही.

प्रचलित व्यवस्था

पहिली व्यवस्था अर्थातच आजीची. तिच्याविषयी आपण सहसा कृतज्ञतेच्या भाषेत बोलतो आणि म्हणून तिचा हिशेब मांडत नाही. पासष्टीच्या, गुडघ्यांचे दुखणे असलेल्या स्त्रीने दोन वर्षांच्या मुलामागे दिवसातील सात तास धावणे हे श्रमाचे काम आहे. सासूबाई गावाहून आल्या की सून निर्धास्त होते, परंतु गावी सासरे एकटे राहतात, हेही त्याच व्यवस्थेचे मूल्य होय.

दुसरी व्यवस्था घरगुती पाळणाघराची. दिंडोशीतील बहुतेक इमारतींच्या आसपास अशा एखाद्या काकू असतातच. एका खोलीत पाच-सात मुले, दुपारी वरणभात, मग गोधडीवर झोप आणि संध्याकाळी इमारतीच्या आवारात खेळ. काकू बहुधा पन्नाशीच्या पुढच्या असतात आणि त्यांच्या घराला या उत्पन्नाची गरज असते. ही व्यवस्था विश्वासावर चालते. नोंदणी, पावती, आजारपणाची पर्यायी सोय यांपैकी काही नसते. काकूंच्या घरी लग्नकार्य निघाले की पाच-सात घरांच्या रजा पडतात. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेल्या मारहाणीचे चित्रण समोर आले तेव्हा राज्यभर पालक हादरले. त्यानंतर पालक कॅमेऱ्याची चौकशी करू लागले. वस्तुतः कॅमेऱ्याच्या आधी विचारण्याचा प्रश्न असा, की एका व्यक्तीकडे किती मुले आहेत? केंद्र शासनाने २०१८ मध्ये पाळणाघरांविषयी जी किमान मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, ती सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी असून तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक कार्यकर्ती आणि मदतनीस असावी, असे त्यांत सुचवले आहे. घरगुती पाळणाघरात मदतनीस क्वचितच असते. मूल ठेवण्यापूर्वी एकदा दुपारी दोनच्या सुमारास, पूर्वसूचना न देता जाऊन पाहावे. सकाळी सगळीच पाळणाघरे प्रसन्न दिसतात.

तिसरी व्यवस्था घरी येणाऱ्या मावशींची. सकाळच्या खिंडारावर खरा उपाय हाच, कारण मावशी सहा वाजता येऊ शकतात. त्या कुरार, संतोषनगर अशा जवळच्या वस्त्यांतून चालत येतात. त्यांचे स्वतःचे मूल त्या वेळी कोणाकडे असते, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. बहुधा थोरल्या मुलीकडे असते. प्राध्यापकाचे मूल सांभाळले जावे म्हणून दुसरीकडे एका मुलीची शाळा बुडत असेल, तर समाजशास्त्राच्या वर्गात आपण जे शिकवतो त्याचा हा घरचाच धडा ठरतो. मावशींना वेतनासह साप्ताहिक सुट्टी आणि आजारपणाची रजा देणे, तसेच त्यांचे मूल जवळच्या अंगणवाडीत जाते की नाही याची आस्थेने चौकशी करणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

चौथी व्यवस्था पती-पत्नींनी पाळ्या लावण्याची. आमच्या घरी हीच आहे. पत्नीचे कार्यालय दक्षिण मुंबईत असून ती साडेसातला निघून रात्री आठला परतते, त्यामुळे दुपारनंतरचा कारभार माझ्याकडे. यात विशेष सांगण्यासारखे काही नाही. परंतु पालकसभेत ‘आई आली नाही का?’ आणि स्टाफरूममध्ये ‘सर, आज तुमची ड्युटी वाटतं?’ हे दोन प्रश्न चुकत नाहीत. केंद्र शासनाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. कुटुंबीयांच्या देखभालीत हे प्रमाण १३७ आणि ७५ मिनिटे असे आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८९ मध्ये नोकरदार स्त्रीच्या घरकामाला ‘दुसरी पाळी’ म्हटले. सकाळच्या महाविद्यालयातील अध्यापिकेच्या बाबतीत दुपारी एक वाजता सुरू होणारी ही पाळी शब्दशः दुसरी असते आणि पहिलीपेक्षा मोठी असते.

रजा आणि कायदा

नियमित नेमणूक असलेल्या अध्यापिकेला १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते. पुरुष अध्यापकाला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. बालसंगोपन रजेची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. केंद्र शासनाने सहाव्या वेतन आयोगानंतर, सप्टेंबर २००८ पासून, महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची रजा दिली; पुढे एकल पालक असलेल्या पुरुषांचाही तिच्यात समावेश झाला. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी अध्यापिकांसाठी हीच मर्यादा सांगितली. महाराष्ट्र शासनाने मात्र २३ जुलै २०१८ च्या निर्णयाने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना आणि पत्नी हयात नसलेल्या अथवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांना १८० दिवस दिले. एकाच विषयावर ७३० आणि १८० असे दोन आकडे असल्यामुळे महाविद्यालयाच्या कार्यालयात कोणता कागद पुढे केला जातो, याला महत्त्व येते. अर्ज करताना कोणत्या तरतुदीखाली रजा मागत आहोत ते लिहावे आणि नकार मिळाल्यास तो लेखी घ्यावा.

केंद्राचे आणि राज्याचे नियम निराळे असले की काय होते, याचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आहे. हिमाचल प्रदेशातील नालागढच्या शासकीय महाविद्यालयातील एका सहायक प्राध्यापिकेने अपंग मुलाच्या उपचारांसाठी मंजूर रजा संपवल्या होत्या. राज्याने केंद्राचा नियम स्वीकारलेला नाही, या कारणास्तव तिला बालसंगोपन रजा नाकारली गेली. २२ एप्रिल २०२४ च्या आदेशात न्यायालयाने, स्त्रियांचा नोकरीतील सहभाग ही कृपा नसून घटनात्मक हक्काची बाब आहे, अशी भूमिका घेऊन राज्याला आपल्या धोरणाचा फेरविचार करण्यास सांगितले.

हे सर्व कायम अध्यापकांविषयी झाले. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांच्या बाबतीत तास घेतला तर मानधन आणि नाही घेतला तर नाही, एवढाच नियम चालतो. मूल तापाने फणफणले तरी तास बुडवणे परवडत नाही, आणि पुढील वर्षीची नेमणूक याच उपस्थितीवर ठरते. वास्तविक दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील स्त्री-कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच रोजंदारीवरील स्त्रियांना प्रसूतीलाभ मान्य केला आहे, आणि १७ ऑगस्ट २०२३ च्या निकालात कंत्राटाची मुदत संपली तरी तो लाभ थांबत नाही, असेही स्पष्ट केले आहे. केरळने २०२० मध्ये अधिसूचना काढून खासगी शिक्षणसंस्थांतील कर्मचाऱ्यांना प्रसूतीलाभ कायदा लागू केला. आपल्या अध्यापक संघटनांच्या मागणीपत्रांत वेतननिश्चिती आणि निवृत्तिवेतन यांच्या पंक्तीला हा विषय बसलेला नाही. मागणीपत्रे लिहिणाऱ्यांची मुले मोठी झालेली असतात, हे त्याचे एक साधे कारण असावे.

वयाचा मुद्दा येथेच येतो. सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. आवश्यक आहे. आमच्या पिढीतील अनेकांनी एम.फिल. करून नोकरी धरली. २०२२ च्या विनियमांनी ती पदवीच बंद केली, आणि आता संशोधनाची उरलेली वाट एकच. ही वाट चालायची वर्षे आणि मूल लहान असण्याची वर्षे एकच असतात. पीएच.डी.साठी स्त्रियांना दोन वर्षांची अधिक मुदत व २४० दिवसांपर्यंत प्रसूती/बालसंगोपन रजा या विनियमांत आहे. ही सवलत उपयुक्त आहे, परंतु ती शेवटची तारीख पुढे ढकलते. ग्रंथालयात बसण्याचा वेळ निर्माण करत नाही. तो वेळ पाळणाघरच देऊ शकते.

पूर्वपीठिका

मूल सांभाळणे हा मालकाच्या जबाबदारीचा विषय आहे, ही कल्पना याच शहरात फार पूर्वी रुजली. १९२९ चा मुंबई प्रसूतीलाभ कायदा हा देशातील त्या प्रकारचा पहिला कायदा, आणि त्याच्या विधेयकाला १९२८ मध्ये विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाळणाघर बंधनकारक केले. म्हणजे गिरणीत काम करणाऱ्या स्त्रीला जे मिळावे असे कायद्याला वाटले, ते पदव्युत्तर वर्गाला शिकवणाऱ्या स्त्रीला मिळावे असे कोणाला वाटले नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे कोसबाडचे काम आपण बालशिक्षणाचा प्रयोग म्हणून वाचतो. त्यातील एक सूत्र प्रस्तुत विषयाला थेट लागू पडते. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी मुली शाळेत येत नाहीत, हे ध्यानात आल्यावर विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. कुटुंबाने शाळेच्या वेळेशी जुळवून घ्यावे असा हट्ट न धरता शाळेने कुटुंबाच्या दिवसाकडे पाहिले. रायगडच्या हिरकणीची आख्यायिकाही या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. दूध घालायला गडावर गेलेली ती स्त्री दरवाजे बंद झाल्यामुळे अडकली आणि बाळासाठी कडा उतरून गेली. आपण तिच्या वात्सल्याची थोरवी गातो. दरवाजाच्या वेळेबद्दल कोणी बोलत नाही.

महाविद्यालयातील पाळणाघर

नॅकच्या सातव्या निकषात लिंगभाव समानतेच्या संदर्भात महाविद्यालयाने स्त्रियांसाठी पुरवलेल्या सोयींची माहिती मागितली जाते. सुरक्षा, समुपदेशन, कॉमन रूम यांच्याबरोबर लहान मुलांसाठी पाळणाघर हीही त्यात एक बाब आहे. अनेक ठिकाणी तिची पूर्तता एक पाळणा, दोन खेळणी आणि भिंतीवरील कार्टून यांच्या छायाचित्राने होते. समिती परतल्यावर त्या खोलीत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात.

ती खोली खरोखर चालवायची, तर अडचण जागेची नसून वेतनाची आहे. एका महाविद्यालयात सहा वर्षांखालील मुले असलेले अध्यापक-कर्मचारी फार नसतात आणि तेवढ्यासाठी प्रशिक्षित कार्यकर्ती व मदतनीस नेमणे व्यवस्थापनाला जड वाटते. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत पाळणाघर आणि मातेला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ही तरतूद कायम ठेवून, अनेक आस्थापनांनी आपली साधने एकत्र करून सामायिक पाळणाघर चालवण्यासही वाव दिला आहे. शिक्षणसंस्था स्वतःला आस्थापना म्हणवून घ्यायला राजी नसल्या, तरी ही कल्पना उचलण्यापासून त्यांना कोणी रोखलेले नाही. गोरेगाव-मालाड पट्ट्यात एकमेकांपासून थोड्या अंतरावर अनेक महाविद्यालये आणि शाळा आहेत. तिघा-चौघांनी मिळून एक खोली, दोन कार्यकर्त्या आणि एक मदतनीस यांचा खर्च उचलावा. पालकांनी वेतनाच्या प्रमाणात शुल्क द्यावे. तासिका तत्त्वावरील अध्यापकांकडून केवळ उपस्थितीच्या दिवसांचे शुल्क घ्यावे. आणि शिपाई, सफाई कर्मचारी यांची मुलेही तेथेच असावीत.

पाळणाघर उभे राहीपर्यंत विनाखर्च करता येण्याजोगी एक गोष्ट प्राचार्यांच्या अधिकारात आहे. जून महिन्यात वेळापत्रक आखताना पाच वर्षांखालील मूल असलेल्या अध्यापकांना, स्त्री असोत वा पुरुष, सात वाजताची तासिका देऊ नये, आणि विभागाच्या बैठका साडेबाराच्या आत संपवाव्यात. प्रस्तुत लेखकाने अशी विनंती दोन वर्षांपूर्वी विभागात मांडली तेव्हा ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सातचा तास आपसांत वाटून घेतला; मुले मोठी झाल्यामुळे पहाटे जाग येतेच, असे त्यांचे म्हणणे पडले. यंदाच्या वेळापत्रकात आणखी दोघींची नावे त्या यादीत आहेत, आणि त्यांपैकी एक तासिका तत्त्वावर आहे.